‘सपरी कुठी गेली?’

ताई, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. जुनं मातीचं, कवेलूचं घर पाडून त्याच जागेवर स्लॅबचं घर बांधायचं ठरलं आहे. पैसा बराचसा दादाचा, तो पुण्यात नोकरीला असतो. त्याच्या ओळखीच्या आर्किटेक्टनं प्लॅन आणि थ्रीडी चित्रं व्हॉट्सअॅपवर पाठवली. बाबा 74 वर्षांचे, आई 68 ची. आई चित्रं पाहून “छान हाय” म्हणाली. बाबांनी मोबाइल हातात घेतला, दूर धरून पाहिला, परत दिला आणि म्हणाले, “करा तुमच्या मनानं, मले काय समजते त्यातलं.” मात्र दोन दिवसांनी मिस्त्री घरी आला तेव्हा त्याला विचारत होते, “सपरी कुठी गेली?” दादा म्हणतो, त्यांना नकाशा कळत नाही, उगाच विचारून घोळ वाढवू नको. अक्षय तृतीयेला भूमिपूजन आहे. मी घरची शेती पाहतो, म्हणजे या घरात आईबाबांसोबत रोज राहणारा मीच. त्यांना नकाशा समजावून सांगायचा कसा? आणि दादाला काय सांगू?
— एक वाचक

भाऊ,

दादाचं म्हणणं मला पटलं नाही, आणि त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. नकाशात सपरी, म्हणजे घरापुढची ओसरी, नाही हे बाबांनी हेरलं. मिलिमीटरचे आकडे आणि खोल्यांची इंग्रजी नावं त्यांना लागली नसतील, पण घरात शिरताना पहिलं पाऊल कुठं पडणार हे त्यांनी शोधलं, आणि ती जागा सापडली नाही म्हणून विचारलं. याला नकाशा न कळणं कसं म्हणायचं? मला जास्त काळजी आईंच्या “छान हाय”ची वाटते. त्यांना चित्र दाखवलं, चित्र खरंच देखणं असेल, म्हणून त्या छान म्हणाल्या. घराबद्दल त्या अजून काहीच बोललेल्या नाहीत.

खेड्यातल्या घरांचे नकाशे काढायचं काम मी करते, आणि हे मी घरोघरी पाहते. पोरांना वाटतं वडील हो म्हणाले. वडिलांना वाटतं पोरांनी ठरवूनच टाकलंय. “करा तुमच्या मनानं” यामागं पैसा थोरल्याचा आहे याची जाणीव असते, आणि चारचौघांत, त्यातही शिकलेल्या आर्किटेक्टसमोर, आपल्याला कळत नाही असं दिसू नये हेही असतं. धुऱ्यावर उभं राहून नुसत्या नजरेनं वावर किती एकर ते सांगणारा माणूस असतो हा. जागेचा अंदाज त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा पक्का असतो. म्हणून पहिली गोष्ट ही, की आईबाबांशी जे बोलायचं ते घरच्या घरी, आर्किटेक्ट फोनवर नसताना बोला.

आधी मोबाइल बाजूला ठेवा. बाबांनी तो दूर धरला तो चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं म्हणून. त्यातही साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. भिंग पिवळसर होत जातं, फिक्या रंगांतला फरक पुसट होतो. आणि आर्किटेक्टच्या पीडीएफमध्ये नेमक्या केसासारख्या राखाडी रेघा असतात. त्याला सांगा, भिंती काळ्या, ठळक भरून दे, खोल्यांची नावं मराठीत लिही, मापं फुटांत टाक. घर समजा 30 बाय 40 फुटांचं असेल, तर 1:50 या मापात (कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरचे 50) ते साधारण 18 बाय 24 सेंटिमीटरचं होतं, म्हणजे ए-3 कागदावर आरामात बसतं. 1:25 मध्ये काढलं तर ए-2 कागद लागेल, आणि वयस्क माणसांसाठी मी तोच मागते. झेरॉक्सवाल्याला मात्र बजावून सांगा, की कागदात बसवायला लहानमोठं करू नको. नाहीतर टेप लावून पाहाल ते माप खोटं निघेल.

आता मुख्य काम. नवीन घराचा नकाशा काही दिवस उघडूच नका. आधी जुन्या घराचा नकाशा काढा.

टेप घेऊन तुम्ही आणि मिस्त्री अर्ध्या दिवसात पूर्ण घर मोजाल. सपरी, माजघर, देवघर, सैपाकघर, न्हाणी, गुरांचा कोठा, घरामागची सांदवाडी, सगळं. ती मापं आर्किटेक्टला पाठवा आणि नवीन घर ज्या मापात, ज्या खुणा वापरून काढलंय तसंच हे काढून मागा. तो कागद अंगणात जमिनीवर अंथरा. भिंतीवर टांगू नका. कागदाची पूर्व खऱ्या उगवतीकडे येईल असा तो फिरवा. वय वाढलं की चित्र मनातल्या मनात फिरवून पाहणं जड जातं, हे तपासून सिद्ध झालेलं आहे, तेव्हा ते काम कागदाला करू द्या. मग विचारा, बाबा, तुमची बाज यात कुठं आहे? देवघर कुठलं? कोठ्याकडे जायचं दार दाखवा बरं.

उत्तरं त्यांना पाठ आहेत, त्यामुळे खुणांचे अर्थ आपोआप लागत जातात. पाव वर्तुळाची ती रेघ म्हणजे दाराचं पान जिकडे उघडतं ती बाजू, हे शिकवावं लागत नाही, कारण माजघराचं कवाड कुठं उघडतं आणि मागं काय टेकवलेलं असतं हे त्यांना डोळे मिटून माहीत आहे. तुटक रेघ म्हणजे डोक्यावर असलेली वस्तू, माळा किंवा छज्जा. जिन्यातला बाण चढायची दिशा दाखवतो. प्लॅन म्हणजे मुळात काय, असं त्यांनी विचारलं तर सांगा, पावसाळ्याआधी कवेलू उतरवलं की आड्यावर बसलेल्या माणसाला खाली जसं घर दिसतं तसं हे आहे, फक्त भिंती छातीच्या उंचीवर कापल्यात. बाबांनी स्वतः कवेलू उतरवलं असेल तर पुढं काही सांगावं लागणार नाही.

हे जमलं की नवीन घराचा कागद त्याच्या शेजारी ठेवा. आता हॉल 12 बाय 16 आहे असं सांगायची गरज उरत नाही. आपल्या माजघरापेक्षा दोन हात लांब, पण सपरीपेक्षा आखूड, असं बोलता येतं. जुनी माणसं खणात आणि हातात मोजतात, हात म्हणजे दीड फूट. तुम्हीही तसंच बोला. दोन कागद शेजारी आल्यावर आई आपल्याआप बोलू लागतील. जुन्या घरातून काय नव्यात आलं आणि काय राहिलं हे त्या बोट ठेवून दाखवतील, आणि ती यादी तुम्ही वहीत उतरवून घ्या.

थ्रीडी चित्रांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. प्लॅन कळला नाही तर माणूस निदान कळलं नाही म्हणतो. थ्रीडी पाहिलं की सगळ्यांना कळल्यासारखं वाटतं, दादालाही. खोली मोठी दिसावी म्हणून या चित्रांत फार रुंद कोनाचा कॅमेरा लावतात, बरेचदा 18 ते 24 मिलिमीटरच्या लेन्ससारखा. कधीकधी तर कॅमेऱ्यामागची भिंतच काढून कॅमेरा खोलीबाहेर उभा करतात. असं केलं की 10 बाय 11 ची खोली लग्नाच्या हॉलसारखी भासते. शिवाय त्या घरात कूलर नसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, खिडकीला कूलर लागल्याशिवाय घर चालत नाही. तो कुठल्या खिडकीला लागणार, पाणी कुठून भरणार, आणि दमट हवा बाहेर पडायला समोर उघडी खिडकी आहे का, याचं उत्तर एकाही चित्रात नसतं.

अजून एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. ही चित्रं उभ्या माणसाच्या डोळ्यातून काढलेली असतात, जमिनीपासून पाच-सव्वापाच फुटांवरून. तुमच्या आई दिवसाचा किती वेळ उभ्या असतात? भाजी निवडायला, तूर पाखडायला, पाहुण्याशी बोलायला त्या खाली बसतात. खाली बसलेल्या माणसाचे डोळे साधारण अडीच फुटांवर येतात, आणि नव्या पद्धतीच्या खिडकीची खालची चौकट सहसा तीन फुटांवर असते. म्हणजे त्यांना खिडकीतून आभाळ दिसेल, रस्ता दिसणार नाही. कोण आलं, कोण गेलं, गाय सुटली का, हे दिसणारी एक तरी खिडकी खाली, दीड-दोन फुटांवर हवी. लोखंडी गज लावला की धोका काही नाही. हा बदल आज कागदावर करायला एक रेघ लागते.

म्हणून आर्किटेक्टकडून तीन चित्रं मागा. एक खऱ्या दारात उभं राहून, रुंद कोन न लावता काढलेलं. एक जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेनं. तिसरं मे महिन्यातल्या दुपारी चार वाजताचं. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जागा, तारीख आणि वेळ टाकली की सूर्य बरोबर त्या ठिकाणी येतो. मे-जूनमध्ये आपल्याकडे दुपारनंतरचा सूर्य पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून असतो, त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीवर तपन थेट येते. आईबाबांची खोली त्या कोपऱ्यात असेल तर चित्रात ते दिसलं पाहिजे. सोफे काढून तिथं आपली 6 बाय 3 ची बाज आणि धान्याची पोती टाकायला सांगा.

यानंतर कागद पुरे. नकाशा जमिनीवर खऱ्या मापात काढा.

जुनं घर अजून उभं आहे, म्हणून त्या जागेवर आखणी होणार नाही. पण एप्रिलमध्ये वावरं रिकामी झालेली असतात, सपाट तुकडा पाहा आणि तिथं आखा. दिशा घरासारख्याच ठेवा. मिस्त्रीला बोलवा, खुंट्या, सुतळी आणि फक्कीची, म्हणजे आखायच्या पांढऱ्या भुकटीची, एक पिशवी एवढं सामान पुरतं. काटकोनासाठी एका बाजूला 6 फूट, दुसऱ्या बाजूला 8 फूट मोजायचे, तिरकं माप 10 भरलं की कोपरा बरोबर. हे मिस्त्रीला सांगायला नको, पण तुम्ही शेजारी उभे राहून पाहा. भिंत एका रेघेत दाखवू नका. बाहेरची 9 इंची भिंत दोन रेघांत आखा, नाहीतर खोली आहे त्याहून मोठी वाटते. दाराच्या जागी दोन बाजूंना दोन विटा ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर सगळे घाबरतील. मोकळ्या आभाळाखाली आखलेलं घर नेहमी लहान वाटतं. भिंती उठल्या की तीच खोली मोठी वाटू लागते. म्हणून नुसत्या रेघा पाहून “एवढीशी?” असं म्हणू नका. खरी बाज आणा आणि टाकून पाहा. दोन काठ्यांना जुनी लुगडी बांधून एखादी भिंत उभी करा. बैठकीच्या जागी पोती ठेवा.

मग आईबाबांना त्या घरात एक दिवस जगू द्या. पहाटे उठल्यापासून काय काय होतं ते क्रमानं चालून दाखवू द्या. बाबांना बाजेवरून उठवा आणि न्हाणीपर्यंत चालायला सांगा, रात्री दोन वाजता उठले आहेत असं समजून. वाटेत किती दारं आली? संडासाचं दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारं करून घ्या. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. दार तीन फुटांचं ठेवा, उद्या वॉकर लागला तरी जाईल. आईंना पाण्याची बादली देऊन सैपाकघरातून सांदवाडीकडे जायला सांगा. त्यांना कुठं वळसा पडतो ते पायच सांगतील.

पायऱ्यांचं तर प्लॅनवरून काहीच कळत नाही. प्लॅनमध्ये जोत्याच्या उंचीचा एखादा आकडा असतो, +600 असा, आणि तो कुणी वाचत नाही. त्याचा अर्थ घर अंगणापासून 60 सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट उंच. पावसाचं पाणी आणि साप-विंचू आत येऊ नयेत म्हणून ते बरोबरही आहे. पण त्याच्या सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या होतात. तीन इंची विटांचे दोन थर लावून एक पायरी तिथंच रचा आणि बाबांना चढून-उतरून पाहू द्या. चढताना हात आधार शोधतो का, ते बघा. शोधत असेल तर कठडा नकाशात आजच आला पाहिजे.

आणि या सगळ्या वेळात “आवडलं का?” हा प्रश्न कृपा करून विचारू नका. त्याला उत्तर एकच येतं. असं विचारा: महालक्ष्म्या कुठं बसवायच्या? माझ्या अनुभवात हा एक प्रश्न आईंना अख्खा नकाशा वाचायला लावतो. मखर केवढं, समोर फुलोरा टांगायला आडवं काय, पंगतीत किती माणसं, वाढणारीला मधून जायला जागा उरते का, उष्ट्या ताटांचा रस्ता देवासमोरून तर जात नाही? नव्या घरांत हॉल आणि जेवणाची जागा एक करून टेबल मध्ये मांडतात, आणि त्या तीन दिवसांत ते टेबल कुठं न्यायचं हे कुणी पाहत नाही.

बाबांना विचारा, भाव येईपर्यंत कापूस कुठं भरायचा? आपल्याकडे हा प्रश्न फार मोठा आहे. दरवर्षी कितीतरी घरांत झोपायच्या खोलीत कापूस भरला जातो आणि अंगाला खाज सुटून माणसं हैराण होतात. बाहेरून थेट दार असलेली वेगळी खोली हवी, बैलबंडी किंवा ट्रॅक्टर दारापर्यंत लागला पाहिजे. ती खोली प्लॅनमध्ये नसेल तर “गेस्ट बेडरूम” लिहिलेल्या खोलीचं तेच होणार आहे, मग आजच तसं नाव द्या आणि दार बाहेर काढा. वाळवणाचं विचारा. कुरडया-पापड गच्चीवर जाणार असतील तर परात डोक्यावर घेऊन आईंना तो जिना चढता येईल का?

बाबा कदाचित असंही विचारतील, की माणूस गेलं तर त्याला ठेवायचं कुठं आणि काढायचं कुठून. “असं काय बोलता बाबा” म्हणून त्यांना गप्प करू नका. घरात आडवा माणूस वळेल एवढी जागा आहे का, हा रास्त प्रश्न आहे. आजारी माणसाची स्ट्रेचर त्याच वळणावरून निघणार असते. तीन फुटांच्या बोळातून काटकोनात ती वळत नाही. फक्कीच्या रेघांत बाज चौघांनी उचलून बाहेर काढून पाहा, लगेच समजेल.

(घरकुल बांधणारे वाचक म्हणतील, आमच्याकडे कुठला आर्किटेक्ट. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे जेमतेम 269 चौरस फूट. एवढ्याशा जागेत दार एक फूट इकडचं तिकडं झालं तरी बाज बसत नाही. फक्कीची आखणी तुम्ही तर करायलाच हवी.)

राहिली सपरी. ती परत आणा, याबाबत माझं मत स्पष्ट आहे. आलेला माणूस चप्पल काढून टेकतो ती जागा, बाबा दुपारी पडतात ती जागा, सालदाराशी हिशोब होतो ती जागा. दोन फुटांचा छज्जा म्हणजे सपरी नव्हे. ती निदान सहा-सात फूट रुंद हवी, बाज टाकून पुढून माणूस जाईल एवढी. घराच्या तोंडावर ती आली की मागच्या भिंतीला सावली मिळते आणि आतली खोली कमी तापते. पुण्याच्या आर्किटेक्टनं आपल्या भागातली सपरी वापरलेली नसेल, तर जागेवर येताना त्याला वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला थांबायला सांगा. तिथं बापूकुटी आहे, माती, लाकूड, बांबू आणि कवेलूची, गांधीजींच्या सांगण्यावरून आसपासचंच सामान वापरून बांधलेली. उन्हाळ्यात भरदुपारी तिच्या पडवीत थोडा वेळ बसला, की त्याला ही गोष्ट कुणी समजावायला नको.

आता दादाचं. तो परका नाही, पैसा लावतोय आणि वेळेत काम व्हावं असं त्याला वाटतंय. त्याला “तू आईबाबांना विचारलं नाहीस” असं म्हणू नका, भांडण होईल आणि सपरी राहील बाजूला. त्याला पैशाच्या भाषेत सांगा. आज भिंत सरकवायला आर्किटेक्टचा अर्धा तास लागतो. पायाचं फुटिंग भरून कॉलम उभे राहिले की कॉलम हलत नाही. मधली विटांची भिंत पाडून हलवता येते, पण वीट, सिमेंट, मजुरी सगळं दोनदा. शेवटी “करा तुमच्या मनानं” म्हणणारे बाबा त्या घराच्या दारात खुर्ची टाकून बसणार आहेत, आणि चार महिन्यांत लोखंडी पत्रे टाकून सपरी काढावीच लागणार आहे, कुठल्याही नकाशाशिवाय. आपल्या गावात नवीन स्लॅबच्या घरांपुढं असे पत्रे किती दिसतात ते एक चक्कर मारून मोजा आणि दोन फोटो दादाला पाठवा.

फक्की मारायच्या दिवशी दादाला सुट्टी घेऊन यायला सांगा. नाहीच जमलं तर व्हिडिओ कॉल लावा, पण फोन बाबांच्या हातात देऊ नका. तुम्ही धरा, आणि बाबा चालत असताना त्यांच्या मागून चाला, म्हणजे दादाला घर बाबांच्या नजरेनं दिसेल. वहीतली यादी त्याच रात्री आर्किटेक्टला पाठवा.

भूमिपूजन अक्षय तृतीयेलाच करा, मुहूर्त मोडायचं कारण नाही. खड्डे मात्र सुधारलेला नकाशा हातात आल्यावरच खणा. आठ-दहा दिवस गेले तरी पावसाआधी जोतं निघतं. आणि त्या नव्या कागदावर सपरी किती फुटांची, तो आकडा बाबांना सांगायला लावा.